पर्जन्यनोंदीचा प्रोग्रॅम : या पंधरवड्यातली आवराआवर

गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे आकडे साठवणाऱ्या माझ्या गो या प्रोग्रॅमिंग भाषेतील छोट्या प्रोग्रॅममध्ये या पंधरवड्यात एकही नवी सोय झाली नाही; सगळा वेळ टेस्ट (प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) संपल्यानंतरची आवराआवर मार्गी लावण्यात गेला.

सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला धरायचा, हा हवामान खात्याचा प्रघात मी पाळतो. त्यामुळे 8:29 आणि 8:31 च्या नोंदी वेगवेगळ्या तारखांना जातात की नाही, हे पाहणाऱ्या पाच सबटेस्ट, म्हणजे एका मुख्य टेस्टच्या आतल्या छोट्या टेस्ट, लिहिलेल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून त्यांत टी.पॅरलल (टेस्ट एकाच वेळी चालवण्याची सूचना) घातले, आणि डेटाबेस बंद असल्याची एरर देत पाचही नापास झाल्या. सबटेस्टने टी.पॅरलल बोलावले की ती तिथेच थांबते आणि तिला सुरू करणारे टी.रन परत येते. मग मुख्य टेस्टचे फंक्शन संपते, त्यातला डिफर (फंक्शन संपताना चालणारी ओळ) डेटाबेस बंद करतो, आणि त्यानंतर थांबलेल्या सबटेस्ट पुढे सरकतात. पंगत बसण्याआधीच पाने उचलण्याचा हा प्रकार होता. टी.क्लीनअपला दिलेले फंक्शन मात्र ती टेस्ट आणि तिच्या सर्व सबटेस्ट पूर्ण झाल्यावरच चालते. ही सोय गोच्या 2020 मधल्या 1.14 आवृत्तीपासून आहे. जुन्या सवयीने मीच डिफर लिहीत बसलो होतो.

मग टेस्टसाठी डेटाबेस उघडून देणारे मदतीचे फंक्शन, म्हणजे हेल्पर, हाती घेतला. पूर्वी तो डेटाबेस, बंद करण्याचे फंक्शन आणि एरर अशा तीन गोष्टी परत करत असे, आणि त्यातली मधली वापरायला मी हमखास विसरत असे. आता तो टी (चालू टेस्टचे ऑब्जेक्ट) घेतो आणि फक्त डेटाबेस देतो. क्लीनअपची ओळ नेमकी कुठे असावी यावर मात्र एक संध्याकाळ गेली. डेटाबेस उघडणारे एसक्यूएल.ओपन प्रत्यक्ष जोडणी करेलच असे नाही, त्यामुळे खरी एरर बहुतेकदा पुढे तक्ते तयार करताना येते, तिथे टी.फेटल (टेस्ट नापास करून तिथेच थांबवणे) झाले आणि क्लीनअप त्याच्याखाली लिहिलेले असले, तर ते नोंदवलेच जात नाही आणि डेटाबेस उघडाच राहतो. ओपनच्या आधी नोंदवावे, तर ओपन फसल्यावर नसलेला डेटाबेस बंद करायला जाऊन पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्रॅम अचानक कोसळतो, आणि मूळ कारण त्या गदारोळात शोधावे लागते. म्हणून ओपनची एरर तपासली की लगेच क्लीनअप, आणि तक्ते त्यानंतर.

डेटाबेस बंद करणाऱ्या क्लोजची एरर मी आजवर सरळ टाकून देत होतो. आता ती टी.एररएफने नोंदवतो, म्हणजे टेस्ट नापास ठरते. हा धडा विंडोजवर मिळाला. टी.टेम्पडिरने दिलेल्या, टेस्टनंतर आपोआप पुसल्या जाणाऱ्या फोल्डरमधली लॉगची फाइल मी कधी बंदच केली नव्हती. लिनक्सवर उघडी फाइलही निमूटपणे पुसली जाते, विंडोजवर फोल्डर पुसताना टेस्ट नापास झाली. शेवटी नोंदवलेले क्लीनअप आधी चालते, त्यामुळे फोल्डर घेतल्यावर फाइल बंद करण्याचे क्लीनअप नोंदवले की क्रम आपोआप जुळतो.

सगळ्या टेस्ट चालवणाऱ्या टेस्टमेन फंक्शनच्या शेवटचे, प्रोग्रॅम तिथेच संपवणारे ओएस.एक्झिटही काढले. 1.15 पासून त्याची गरज उरलेली नाही, आणि त्याच्यामुळे टेस्टमेनमध्येच त्याच्या वर लिहिलेला डिफर कधी चालतच नव्हता. पुढच्या खेपेला महिन्याच्या बेरजेकडे वळेन.