यी सुन-शिनच्या सासुरवाडीला

आसान, रात्री.

काल सोलमध्ये ग्वांगह्वामुनच्या चौकात सेनापती यी सुन-शिनचा 1968 साली उभारलेला पुतळा पाहिला. सोळाव्या शतकात जपानी आरमाराशी लढलेला हा कोरियाचा आरमारप्रमुख. अंगावर चिलखत, हातात तलवार, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ. रुबाब आहेच. पण पुतळ्यांपुढे मी फार रमत नाही. फोटो काढला नि निघाले.

आज मेट्रोने ओन्यांग ओन्चनला उतरून बसने ह्यॉनचुंगसाला गेले. हे त्याचं स्मृतिमंदिर. आवारात जुनं घर आहे, लग्नानंतर तो राहायचा ते. मूळचं सासऱ्यांचं, म्हणजे सेनापती चक्क घरजावई! शेजारी धनुर्विद्येच्या सरावाची जागा आणि दोन प्रचंड गिंको वृक्ष.

संग्रहालयात जवळजवळ दोन मीटर लांबीच्या तलवारींची जोडी आहे. सगळे तिथेच घुटमळत होते. मी रोजनिशीच्या दालनात रेंगाळले. 1592 साली जपानी सैन्य कोरियात उतरलं, त्या वर्षापासून 1598 मध्ये नोर्यांगच्या लढाईत पडेपर्यंत हा माणूस लिहीत होता. हवा कशी होती, किती बाण मारले, कुणाबरोबर प्यायलो, पोट बिघडलं, आईची खुशाली कळली की नाही. एखाद्या दिवशी नुसतं ‘आकाश निरभ्र’.

1597 चं वर्ष वाचवत नाही. खोट्या आरोपांवरून तुरुंग, पद गेलेलं. सुटून येतो तर त्याला भेटायला निघालेली आई वाटेतच गेली, आणि अंत्यविधीपुरतंही थांबू दिलं नाही. पुढे कोरियाच्या आरमाराचा धुव्वा उडाल्यावर राजाला पुन्हा हाच आठवला. म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत 13 जहाजांनिशी त्याने शंभराहून जास्त जपानी जहाजं परतवली. ती गोष्ट इथे शाळकरी पोरांनाही पाठ. त्यानंतर महिन्याभरातच घरून पत्र आलं. उघडण्याआधीच त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं. धाकटा म्यॉन, विशीतला पोरगा, इथेच आसानला जपानी सैनिकांशी लढताना मारला गेला होता. मी जायचं सोडून तू गेलास, हा कसला न्याय, अशा अर्थाचं बाप लिहितो. काल पाहिलेल्या पुतळ्यात हा बाप मला कुठे दिसला नव्हता.

म्यॉनची समाधी याच आवारात आहे. मी गेले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

आवार मात्र नको तितकं भव्य वाटलं. 1960 च्या दशकात पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत ते एवढं वाढवलं. लष्करशहाला लष्करी वीर जवळचा वाटणारच. मला आवडलं ते बाजूला हलवलेलं 1932 चं छोटं मंदिर. जपानी अंमलाखाली, वंशजांची जमीन कर्जापायी लिलावात निघणार म्हटल्यावर लोकांनी वर्गणी काढली. कर्ज फिटलं आणि उरलेल्या पैशांतून हे उभं राहिलं. जपानला हरवणाऱ्याचं मंदिर, जपान्यांच्याच नाकावर टिच्चून!

उद्या थोंगयोंग. तिथून बोटीने हान्सान बेटावर जायचंय, त्याच्या आरमाराचा तळ होता तिथे. पावसाचा अंदाज आहे, बोट सुटली म्हणजे मिळवली.