ओला रुमाल, कोरडे ओठ

2019 चा रमजान ऐन मेमध्ये आला होता. नागपुरात तेव्हा सहेरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, पहाटे सव्वाचारच्या सुमारास संपायची आणि मगरिबची, म्हणजे रोजा सोडायच्या वेळची, अजान पावणेसातच्या आसपास. मधले साडेचौदा तास पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर पारा 45 च्या घरात. आमचा सुट्टीतला मकतब, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, असरनंतर, म्हणजे दुपारच्या उत्तरार्धातल्या नमाजनंतर, तासभर भरतो. सात ते अकरा वर्षांची पोरं, निम्मी मराठी शाळेतली. म्हणून शिकवणं मराठीतच, अरबी तेवढं मूळचं.

त्या दिवशी साडेपाचच्या सुमारास तिसऱ्या रांगेतला नऊ वर्षांचा एक मुलगा सारखा रुमाल तोंडाला लावताना दिसला. रुमाल चिंब, ओठ मात्र कोरडे, कडेला पांढरे पडलेले.

"आपा, थुंक गिळली तं रोजा तुटते ना?"

सकाळपासून तो थुंकत होता. वजू करताना, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, चूळसुद्धा भरली नव्हती, न जाणो पाणी आत गेलं तर. दुपारपासून लघवी नाही. उभा केला तर झोक गेला. रोजा सोड म्हटलं, तर भिंतीला टेकून म्हणतो, "एकच तास रायला आता. अन् अल्लाह पाहून रायला."

हे वाक्य आमचंच. आठवड्यापूर्वी शिकवलं होतं: घरात एकटे आहात, समोर थंडगार माठ आहे, कोणी पाहत नाही, तरी तुम्ही पीत नाही, कारण अल्लाह पाहतो. शिकवण बरोबरच आहे, रोज्याइतका चांगला धडा या विषयाला दुसरा नाही. पण ती अर्धीच शिकवली होती.

त्याला कूलरसमोर बसवला. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्यायचा, आणि मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर अपायच होतो. पाणी तयार, पण पोरगं तोंड उघडेना. दटावून उपयोग नव्हता. दटावणीनेच तर इथवर आला होता. मग कुरआनातल्या सूरह बकराची (सूरह म्हणजे अध्याय) 185 वी आयत, म्हणजे वचन, काढली. रमजानच्या रोज्याचा हुकूम ज्या आयतीत आहे, त्याच आयतीत पुढे आहे: अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू इच्छितो, कठीण करू इच्छित नाही. "तो पाहतोय म्हणतोस ना? मग तुझे ओठही पाहतोय." त्याने एकदा विचारलं, "पक्का?" आणि बिस्मिल्लाह म्हणून प्यायला. आधी चमच्याचमच्याने, मग घोट घोट. अर्ध्या तासाने लघवीला गेला, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

नियम पालकांनाही नीट ठाऊक नसतात, म्हणून सांगते. स्वतःची लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही. रोजा आहे हे विसरून खाल्लं-प्यायलं तरी तुटत नाही. आठवलं की थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचा. वजूत चूळ भरायची, फक्त घशापर्यंत गुळणी न्यायची नाही. आणि वयात येईपर्यंत रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाहीच. मुलाने मधेच सोडला तर गुनाह नाही, कजाही (नंतर भरून काढणं) नाही. मदिन्यात आशुऱ्याच्या (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला भुकेने रडणाऱ्या मुलांना लोकरीची खेळणी द्यायचे, असं बुखारी या हदीससंग्रहात आहे. आपल्याकडच्या आज्यांची 'एक दाढेचा रोजा' ही युक्ती त्याच जातीची: एका दाढेला रोजा, दुसरीने खा.

घोळ सुरू होतो तो तकवा या शब्दापासून. आम्ही सगळे सर्रास 'अल्लाहची भीती' असा अर्थ सांगून मोकळे होतो. पण त्याच्या मूळ धातूत राखणं, वाचवणं आहे. तकवा म्हणजे काय, असं दुसरे खलीफा हजरत उमर यांनी पैगंबरांचे सोबती उबय बिन कअब यांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "काट्यांच्या वाटेने कधी गेलात? काय केलंत?" "कपडे सावरले, जपून चाललो." "तोच तकवा." विदर्भातल्या पोरांना बोरीबाभळीची वाट वेगळी समजवावी लागत नाही. काट्याला भिऊन कोणी घरी बसत नाही, शेतात तर जायचंच असतं. त्या दिवसापासून मी 'जपणं' हाच शब्द वापरते. आपल्या लहानग्या चुलतभावाला, इब्ने अब्बासना, सवारीवर मागे बसवून नबी मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम म्हणाले, "मुला, अल्लाहला जप, तो तुला जपेल." (पहिल्यांदा नुसतं 'जप' म्हटलं तर एकीने तसबीह, म्हणजे जपमाळ, काढली. तेव्हापासून 'जपून राहा' म्हणते.)

सवय लावायची तर सर्वांत कामाची रीत जुनी आहे. सूफी संत सहल तुस्तरी लहान असताना त्यांच्या मामांनी शिकवलेली तीन वाक्यं: अल्लाह माझ्यासोबत आहे, अल्लाह मला पाहतो, अल्लाह माझा साक्षी आहे. अंथरुणात कूस बदलताना, जीभ न हलवता, मनातल्या मनात. काही रात्री तीनदा, मग सातदा, मग अकरादा. क्रम पाहा: 'सोबत' आधी, 'पाहतो' नंतर. आम्ही उलट करत होतो. आणि म्हटलंस का, हे सकाळी विचारायचं नाही. विचारलं की ते आईसाठी म्हटलं जातं.

रोजच्या पाच नमाजांवर मुलांनी खुणा करायच्या तक्त्याचं तेच झालं होतं. महिनाभराच्या दीडशे खुणा, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत केलेल्या. अल्लाहची जाणीव यावी म्हणून दिलेल्या कागदावर मुलं खोटं लिहायला शिकली. तक्ते बंद केले.

रुमालाच्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी मोहरी आणली. परातीत दोन किलो तांदूळ, त्यात मोहरीचा एकच दाणा, शोधायला पाच मिनिटं. सापडला नाही. मग सूरह लुकमानची 16 वी आयत: मोहरीच्या दाण्याएवढं काही खडकात असो, आकाशात असो की जमिनीत, अल्लाह ते समोर आणतो. इथे मुलं हमखास घसरतात. लगेच चोऱ्या, चोरून खाल्लेले लाडू मोजायला लागतात. तेव्हा आयतीची सुरुवात दाखवायची, 'या बुनैय', माझ्या लेकरा. लुकमान, बाप, मुलाशी लाडाने बोलतोय. आणि शेवट 'लतीफ, खबीर', बारीकातलं बारीक जाणणारा. मग विचारायचं, दाण्याएवढं चांगलं काय असेल?

आजीच्या सुईत दोरा ओवला, एकीने सांगितलं. मांजराला पाणी ठेवलं, दुसऱ्याने. रुमालवाला गप्पच होता. शेवटी म्हणाला, "काल मी चूळ नोती भरली, ते बी दिसलं असंन."

"असेल. आज?"

"भरली. तीनदा."