पाण्याला अर्धा सेकंद, फुलाला १/६०

वसंतातला धबधबा आणि त्याच्यापुढे फुलं अशी फ्रेम बघायला सुरेख, पण एकाच शटर स्पीडमध्ये दोन्ही नीट येणं अवघड. पाण्याची धार मऊ दिसेपर्यंत फूल वाऱ्यानं हलून पुसट झालेलं असतं.

आधी पाण्याचं बघू. पाणी भरपूर आणि वेगात असेल तर १/४ ते १/२ सेकंद पुरतो. धार बारीक असेल तर एक-दोन सेकंद. त्यापुढे धारेतल्या रेषा विरघळतात आणि नुसता पांढरा पट्टा उरतो. मला तो कापसासारखा दिसतो, पण आवडणारेही आहेत.

ढगाळ दिवशी, झाडीत, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ला साधारण १/१५ सेकंद मिळतो असं धरा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला की दोनेक स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि शटर १/४ वर येतो. म्हणजे फक्त प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर बऱ्याचदा लागतच नाही. शटर लांबवण्यासाठी एफ/२२ मात्र नको, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि या डिफ्रॅक्शनमुळे सगळा फोटो मवाळ होतो. पोलरायझर फिरवताना नजर ओल्या दगडांवर ठेवा: चकाकी जाऊन दगडाचा खरा रंग दिसला की थांबा. कॅमेरा आडव्याचा उभा केला, तर तो परत फिरवावा लागतो. हे हमखास विसरलं जातं.

आता फुलं. ट्रायपॉड, फोकस, अपर्चर यांना हात न लावता फक्त आयएसओ १६०० करा. चार स्टॉप मिळतात, १/४ चा १/६० होतो. वारा पडायची वाट बघून तीन-चार फ्रेम घ्या आणि नंतर एडिटिंगमध्ये लेअर मास्कनं (एका फोटोचा हवा तेवढाच भाग दुसऱ्यावर दाखवण्याची सोय) त्यातली फुलं पाण्याच्या फ्रेमवर उतरवा. फुलामागे पांढरं पाणी असेल, तर संथ फ्रेममधल्या हललेल्या पाकळ्यांची सावली कडेनं डोकावते आणि ती पुसता पुसता नाकी नऊ येतात. त्यापेक्षा कॅमेरा वीतभर सरकवून फुलामागे दगड किंवा पानं आणा, मग मास्कची कड सहज लपते.

गर्द झाडीत कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि पाणी पांढरंफटक होतं, म्हणून एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी ठेवा. लाल-जांभळ्या फुलांसाठी आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या उजेडाचे वेगवेगळे आलेख) तपासा. एकत्रित आलेख ठीक दिसला तरी लाल चॅनल उडालेला, म्हणजे त्यातला तपशील गेलेला, असू शकतो.