आधी मॉनिटर आणि सॉकेट, मग बाकीचे पार्ट: कोल्हापुरातल्या बिल्डची नोंद

सुटे पार्ट जोडून केलेलं गेमिंग पीसीचं मशीन उभं राहिलंय. ग्राफिक्स कार्ड अजून यायचंय, पण प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर विंडोज सुरू आहे, रॅम ६००० च्या वेगावर स्थिर चालतेय आणि रात्रभर लावून ठेवलेल्या मेमरी टेस्टमध्ये एकही एरर आली नाही. कार्ड घ्यायच्या आधी आतापर्यंतची निवड आणि तिच्यामागची कारणं सलग लिहून ठेवतोय. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं बिल्ड करणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

दुकानात ‘गेमिंग पीसी पाहिजे’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘आय फाइव्ह का आय सेव्हन?’, म्हणजे प्रोसेसर कुठला. कोटेशन तिथून सुरू होतं आणि शेवटी उरलेल्या पैशांत एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि मॉनिटर बसवला जातो. मी दोन टोकांकडून आलो. एक टोक म्हणजे डोळ्यांसमोरचा मॉनिटर, दुसरं म्हणजे भिंतीतला सॉकेट. मॉनिटर ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की एसएमपीएस ठरतो, आणि घरची लाइट कशी आहे त्यावर यूपीएस. प्रोसेसर या सगळ्यांच्या मधे बसतो आणि तो निवडणं सगळ्यात सोपं गेलं.

मॉनिटर घेतला २७ इंची, १४४० पी (२५६० × १४४० पिक्सेल), १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा), आयपीएस पॅनेलचा. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम संपला की आमच्या पेठेतल्या पोरांचा हंगाम स्क्रीनवर सुरू होतो, आणि एका मॉनिटरसमोर चौघं बसली की २४ इंच अपुरा पडतो. पण २७ इंचावर १०८० पी घेऊ नका. तिथं इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात आणि अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात. १४४० पी ला तोच आकडा १०९ च्या आसपास जातो. याची किंमत कार्डाला मोजावी लागते. १०८० पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला पावणेदोनपटीहून थोडं जास्त काम. कोटेशनमध्ये कार्ड निवडण्याआधी हा एक गुणाकार करून बघितला तर निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

कार्डाबद्दल माझं मत आता पक्कं आहे. नव्या बिल्डमध्ये १४४० पी साठी १६ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. खरी स्पर्धा एएमडीची आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६० टीआय यांच्यात आहे. दोन्ही २०२५ मध्ये आली आणि दोन्ही एकाच नावानं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकली जातात. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि बिलावरही तोच लिहून घ्या. दोन्हींचा मेमरी बस (मेमरीकडं जाणारा रस्ता) १२८ बिटचा आहे, पण ५०६० टीआयला जास्त वेगाची जीडीडीआर ७ मेमरी आहे, म्हणून तिची बँडविड्थ सेकंदाला ४४८ जीबी आणि ९०६० एक्सटीची ३२० जीबी. उलट ९०६० एक्सटी पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, सोळाही लेन वापरते, ५०६० टीआय फक्त आठ. व्हीरॅम भरून डेटा मुख्य रॅममधून यायला लागला की या लेनचा फरक जाणवतो. जुन्या, पीसीआयई ३ च्या बोर्डवर ८ जीबीची ५०६० टीआय लावणाऱ्यांना तर तो सर्वांत आधी जाणवेल. ब्लेंडरमध्ये थ्रीडीचं किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणनं चालवायची प्रणाली) चालणारं काही काम करणार असाल तर एनव्हिडियाच घ्या, त्यात वाद नाही. मला फक्त खेळायचंय, म्हणून १६ जीबीची ९०६० एक्सटी. १६० वॅटच्या आसपास खाते, आणि मी बघितलेल्या मॉडेलना एकच ८ पिनची केबल पुरते.

आता सॉकेट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि आपल्याकडच्या चर्चांमध्ये याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर.

आमचं घर जुनं. कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी वायरमन मामांना बोलावून मल्टिमीटरनं तपासणी करून घेतली. फेज आणि न्यूट्रलमध्ये व्होल्टेज ठीक होतं, पण फेज आणि अर्थिंगमध्ये जे २३० च्या आसपास यायला पाहिजे ते बरंच कमी आलं. मामा म्हणाले, ‘तीन पिनचा सॉकेट हाय, पण तिसरी पिन नुसती शोभेची.’ अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या का येतात, याचं उत्तर एसएमपीएसच्या आत आहे. येणाऱ्या लाइटमधला कचरा गाळण्यासाठी त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून अर्थपर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जमिनीला पोचत नसेल तर ते दोन कपॅसिटर व्होल्टेजची वाटणी करतात आणि कॅबिनेटचा पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय केबल लावताना तोच मार्ग शोधतो, आणि पोर्ट जाण्याचं ते एक कारण होऊ शकतं. परसात खड्डा काढून, तांब्याची प्लेट पुरून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. त्याच दिवशी आरसीसीबीही (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घेतला. चार पैसे कार्डातून कमी करावे लागले तरी चालतील, पण हे आधी करा.

यूपीएस निवडताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. बाजारात ११०० व्हीए म्हणून मिळणारे बरेच यूपीएस प्रत्यक्षात ६६० वॅटचे असतात, आणि आपल्याला मोजायचा तो वॅटचा आकडा. माझा हिशोब: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, कार्ड १६०, बाकी बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून ५०-६०. म्हणजे ३०० वॅटच्या आसपास, वर मॉनिटर. दुसरी गोष्ट वेळेची. लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस सहसा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपलं मशीन जिवंत राहतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये कपॅसिटर छोटे असतात, ती फट नाहीशी होते, आणि लोक मग यूपीएस बदलत बसतात. अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लाट देणारा, यूपीएस जास्त मानवतो. महाग पडतो, तरी मी तोच घेतला. पावसाळ्यात संध्याकाळी लाइट दोन-तीनदा तरी लपकते, आणि विंडोज अपडेट चालू असताना लपकली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एसएमपीएस ६५० वॅट, ८० प्लस गोल्ड. ५५० नं भागलं असतं. पुढं मोठं कार्ड घालता यावं म्हणून वरचा घेतला. एक लक्षात ठेवा, ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. आतले कपॅसिटर, संरक्षणाची सर्किटं, पंख्याचा आवाज यातलं काहीही त्या शिक्क्यात मोजलेलं नसतं. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. कंपनीला स्वतःच्या मालाची किती खात्री आहे ते तिथं कळतं.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल थ्री कॅश, ६५ वॅट. ७५०० एफ स्वस्त मिळत होता आणि गेममध्ये फरक नगण्य, पण ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ते चालेल. कोल्हापुरात कार्ड बिघडलं तर ते कुरिअरनं बाहेर जाणार आणि परत येईपर्यंत मशीन आंधळं. ७६०० मधले ते दोन छोटे ग्राफिक्स युनिट गेमसाठी नाहीत, पण कार्ड वॉरंटीत गेलेलं असताना बँकेची कामं, बहिणीचा अभ्यास, सगळं चालू राहतं. आणि आत्तासारखं टप्प्याटप्प्यानं पार्ट घ्यायचे असतील तर कार्डाशिवाय पूर्ण मशीन तपासून घेता येतं. शिवाय बोर्डवर प्रोसेसर बसतो तो एएम ५ सॉकेट २०२२ ला आला, रायझनची ९००० मालिकाही त्यातच बसते, म्हणजे पुढं बोर्ड न बदलता एक्स थ्री डी (जास्त कॅशचा, गेमसाठी उत्तम) प्रोसेसर घालता येईल.

रॅमनं मात्र बजेट हलवलं. २०२५ च्या शेवटी डीडीआर ५ चे भाव जे चढले ते बघून पोटात गोळा आला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पर्याय तीन होते. १६ जीबीची एकच स्टिक घ्यायची तर रॅमचा दुसरा चॅनेल (डेटाचा मार्ग) रिकामा राहतो. ८-८ च्या दोन घेतल्या तर चॅनेल भरतात, पण डीडीआर ५ च्या ८ जीबी स्टिकवर चिपची रचना वेगळी असते, बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) निम्मे मिळतात आणि वेग थोडा मार खातो. शिवाय पुढं आणखी दोन घालून चार करू म्हणाल, तर रायझन ७००० मालिकेत चार स्टिकना अधिकृत वेग फक्त ३६०० चा आहे. म्हणून १६-१६ च्या दोन, ६०००, सीएल (रॅम डेटा द्यायला किती ठोके घेते तो आकडा) ३०. सीएलचा आकडा एकटा बघू नका. सीएलला २००० नं गुणून स्पीडनं भागा: ६००० सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल ३६ म्हणजे १२. सीएल ३६ बऱ्यापैकी स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या. घरात जुनी चांगली डीडीआर ४ पडून असेल तर आजच्या भावात जुन्या एएम ४ सॉकेटवर राहून सगळा पैसा कार्डात घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बोर्ड साधा बी ६५०, मायक्रो एटीएक्स, बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न लावताही बोर्डचं बायोस बदलता येणारं) बटण असलेला. एसएसडी १ टीबी, जेन ४, टीएलसी. त्यांच्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. रॅमच्या स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर एएम ५ रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं घेतो आणि तोवर स्क्रीन काळा राहतो. त्या वेळात बटण दाबू नका, स्टिक काढू नका. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी विंडोज ११ टाकण्याआधीच बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे पर्याय चालू करून घ्यावेत, नाहीतर गेम चालत नाही.

कॅबिनेटला पुढून जाळी हवीच. काचेच्या पुढच्या बाजूची कॅबिनेटं दुकानात छान दिसतात, पण एप्रिलमध्ये खोलीतच ३७-३८ अंश असतात, आणि खोली जितकी तापते तितकेच अंश प्रोसेसरच्या आकड्यात वाढतात. सोबत आलेला छोटा कूलर चालला असता. मी १२० एमएमचा टॉवर कूलर लावला कारण आवाज निम्म्यावर आला. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फिल्टरमधूनच येते, फटीफटीतून शिरत नाही. आम्ही फुलेवाडीच्या कडेला राहतो. हंगामात शेतातलं पाचट पेटवलं की काळी भुकटी थेट खिडकीतून येते, तेव्हा फिल्टर आठवड्याला धुवावा लागणार हे धरून चाललोय.

पावसाळ्याच्या दमटपणाची भीती बऱ्याच जणांना असते. चालू मशीनमध्ये दव धरत नाही, कारण आतला प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो आणि पाणी साचतं ते थंड पृष्ठभागावर. धोका महिनाभर बंद पडलेल्या मशीनला. जुलै-ऑगस्टमध्ये रोज थोडा वेळ तरी चालू करा. आणि २०१९, २०२१ च्या पुरानंतर आमच्या घरात विजेची कुठलीच वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत, तेव्हा कॅबिनेट आणि यूपीएस दोन्ही टेबलावर.

मोठं तीन पंख्यांचं कार्ड मिळालं तर ते वाकू नये म्हणून आधार लागेल. उद्यमनगरात मित्राचं वर्कशॉप आहे, त्यानं भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून लेथवर उंची कमी-जास्त करता येईल असा खांब करून दिलाय. इतकी सुबक फिनिशिंग विकतच्या आधारांना मी बघितलेली नाही.

कार्डासाठी राजारामपुरीतल्या दुकानात सांगून ठेवलंय. ऑनलाइन थोडं स्वस्त दिसतं, पण इथल्या दुकानदार दादांनी जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून द्यायचं आणि वॉरंटीचं पार्सल स्वतः पाठवायचं कबूल केलंय. मला त्या फरकापेक्षा हे मोलाचं वाटतं. कार्ड बसलं की तीन गोष्टी मोजणार: १४४० पी वर व्हीरॅम खरोखर किती भरते, दुपारच्या उन्हात तासभर खेळल्यावर कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान किती, आणि पूर्ण लोडवर असताना यूपीएसचा प्लग ओढला तर मशीन किती मिनिटं टिकतं. पुढच्या नोंदीत खोलीच्या तापमानासह सगळे आकडे देतो. कुणाकडं याच कार्डाचे आपल्या भागातले आकडे असतील तर खोलीचं तापमान धरून सांगा, त्याशिवाय तुलना करता येत नाही.