गणवेशाचं युनिट आणि सीएमईजीपीची फाईल: सोलापुरातला माझा अनुभव

शालेय गणवेश शिवायचं युनिट टाकण्यासाठी मी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे सीएमईजीपीतून, कर्ज घेतलं. उद्योग संचालनालयाची ही योजना 2019 पासून जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी व ग्रामोद्योग मंडळामार्फत चालते. ऑनलाइन अर्ज भरणं सोपं आहे. आधार, अधिवास किंवा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला लागत असल्यास तो, हमीपत्र आणि प्रकल्प अहवाल एवढं जोडायचं. 10 लाखांवरच्या प्रकल्पाला सातवी पास आणि 25 लाखांवरच्याला दहावी पास ही अट आहे. फाईल अडते ती पुढे.

पहिली अडचण पत्त्याची. या कर्जासोबत सरकार प्रकल्प किमतीवर अनुदान देतं, आणि त्याचा दर पत्त्यावर ठरतो: सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना हेच 25 आणि 35 टक्के. शेळगी, बाळे, सोरेगाव, देगाव, मजरेवाडी इथली मंडळी आजही 'आमच्या गावात' म्हणतात आणि अर्जात ग्रामीण लिहून मोकळी होतात. पण 1992 च्या हद्दवाढीत ही गावं महापालिकेत आली, त्यामुळे दर शहरी लागतो. छाननीत ही चूक सापडली की सगळी आकडेमोड बदलते. शेड हद्दवाढ भागात भाड्याने घेत असाल तर जागेचे कागदही आधी बघा. गुंठेवारीचा (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला) प्लॉट, कर पावती एकाच्या नावावर आणि भाडेकरार दुसऱ्याचा, असं असेल तर बँक तिथेच थांबते.

आता अहवाल. प्रकल्प किमतीत यंत्रसामग्री किमान 50 टक्के, इमारत जास्तीत जास्त 20 टक्के आणि खेळतं भांडवल जास्तीत जास्त 30 टक्के असावं लागतं. 20 लाखांचा प्रकल्प धरू: मशीन साडेअकरा लाख, शेडची दुरुस्ती आणि वायरिंग अडीच लाख, खेळतं भांडवल 6 लाख. शहरातल्या महिलेचा स्वतःचा हिस्सा 5 टक्के म्हणजे 1 लाख, अनुदान 5 लाख, बाकी 14 लाख बँकेचे. सर्वसाधारण प्रवर्गाला स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात.

कोटेशनमध्ये 'शिलाई मशीन, 15 नग' एवढं लिहून चालत नाही. सिंगल निडल किती, ओव्हरलॉक किती, काज आणि बटणाची मशीन, कटिंग मशीन, वाफेची इस्त्री, प्रत्येकाचं मॉडेल, दर आणि जीएसटी वेगळा हवा. विजेचा भार याच यादीवरून काढा. मोटारींचे वॅट सगळेच मोजतात, इस्त्रीचा बॉयलर विसरतात, आणि भार खरा वाढतो तो बॉयलरमुळे.

माझ्या मते तयार नमुन्यातले अहवाल इथेच फसतात. त्यात बाराही महिने सारखं उत्पादन दाखवलेलं असतं. सोलापूरचा गणवेश तसा चालत नाही. शाळा जूनमध्ये उघडतात, कापड त्याच्या कितीतरी आधी घ्यावं लागतं, माल एप्रिल-मेमध्ये सुटतो आणि व्यापाऱ्याचे पैसे त्यानंतर सावकाश येतात. दिवाळीनंतर बरीच मशीन रिकामी. म्हणून अहवालात महिन्यागणिक आवक-जावक मांडा. रिकाम्या महिन्यांत काय शिवणार तेही लिहा: हॉस्पिटलचे ॲप्रन, कारखान्यांचे ड्रेस, मजुरीवरचं काम. एक-दोन व्यापाऱ्यांची मागणीपत्रं जोडा. शाखाधिकाऱ्याला हप्ता कुठून येणार हे कळलं की पुढचे प्रश्न निम्मे होतात. परतफेड सुरू होण्याआधीची सवलतीची मुदतही या चक्राशी जुळवून मागा. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये पडला तर सावरता येतं, मार्चमध्ये पडला तर कापडाचे पैसे हप्त्यात जातात.

जिल्हास्तरीय छाननी झाली की प्रस्ताव बँकेकडे जातो. त्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. गट कर्जाचा राहिलेला एखादा हप्ता किंवा कुणाला दिलेली हमी तिथे दिसते, आणि नकार बहुधा त्यावरूनच येतो. तारण मागितलं तर लक्षात ठेवा: सूक्ष्म उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा न्यास, याची हमी घेता येते, तिचं वार्षिक शुल्क कर्जदारावर पडतं.

मंजुरीआधी मशीन आणू नका, कितीही सवलत मिळो. योजना नव्या उद्योगालाच आहे, जुन्या तारखेची बिलं धरली जात नाहीत.

मंजुरीनंतरचा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित. कर्ज खात्यात आलं म्हणून अनुदान आपोआप येत नाही. शाखेने त्याची मागणी पोर्टलवर पाठवावी लागते. त्यासाठी उद्योजकता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. उत्पादन उद्योगाला हे प्रशिक्षण दोन आठवड्यांचं असतं, ते लगेच उरकून घ्या. शाखेतल्या अधिकाऱ्याची बदली झाली तर नव्या साहेबांना फाईल पुन्हा दाखवा आणि मागणी गेली का ते लेखी विचारा.

अनुदान आलं तरी हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. त्या ठेवीवर व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागायला नको. वरच्या उदाहरणात बँकेने अनुदानाचे 5 लाख धरून आधी 19 लाख दिलेले असतात. 5 लाख जमा झाल्या तारखेपासून व्याज 14 लाखांच्या हिशेबानेच पडायला हवं. खात्याचा उतारा काढून हे पडताळा, फरक दिसला तर अर्ज द्या. मशीनवरच्या नंबरपट्ट्यांचे फोटो बिलांसोबत ठेवा, कारण ठेव कर्जात वळती होण्याआधी पडताळणीला येणारा माणूस तेच नंबर बिलाशी जुळवून बघतो.