शेजारच्या आजींची विंचेस्टर आणि कोडीहून आलेलं पत्र

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. शेजारच्या आजींचे मिस्टर गेल्या वर्षी गेले, मुलं लांब असतात, आजींचं सामान कमी करणं चालू होतं, आणि त्यात एके दिवशी मला बोलावून त्यांनी कपाटातनं कॅनव्हासच्या खोळीतली रायफल काढून दाखवली. विंचेस्टर १८९४, विंचेस्टर ही इथली जुनी बंदूक कंपनी. म्हणाल्या, मुलांना नकोय, एका दुकानात नेली तर तो म्हणाला बॅरल (गोळी जाते ती लांब नळी) नंतर कुणीतरी बदललीय, रिसिव्हर (मधला यंत्राचा भाग) तपकिरी पडलाय आणि बॅरल अजून निळी आहे, त्यामुळे फार किंमत नाही येणार. त्यांना पैशांचं काही नव्हतं. पण मिस्टरांच्या आजोबांनी नवी घेतलेली म्हणून घरात सांगत आलेले, आणि ते खोटं ठरलं असं त्यांना वाटत होतं, ते मला बघवेना.

मला बंदुकीची भीती नाही. आजोळी कुडाळजवळ ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला लागायची. आजोबा पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तिला तेलाचं फडकं फिरवायचे. खोळ उघडल्यावर तोच तेलकट लोखंडाचा वास आला आणि मी म्हटलं, मी घेते, पण आधी हिची खरी हकीकत शोधून देते.

पहिलं काम ट्रान्सफरचं, म्हणजे ती माझ्या नावावर करायचं. माझा समज असा की मॉडेल १८९४ म्हणजे १८९४ साली बनलेली, आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक इथल्या केंद्राच्या कायद्यात अँटिक धरतात, म्हणजे तिला काही लागणार नाही. चूक! १८९४ हे मॉडेलचं साल, त्याच नावाने पुढे शंभर वर्षांच्या वर ती बनत राहिली, न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तो थेट २००६ मध्ये. त्यामुळे आम्ही दोघी लायसनवाल्या डीलरकडे गेलो, ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला, कोलोरॅडोत २०२३ पासून तीन दिवस थांबायला लागतं ते थांबलो. माझं ग्रीन कार्ड आहे, फॉर्मवर त्याचा नंबर लिहावा लागतो, बाकी अडचण काही आली नाही. एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना मात्र सरसकट घेता येत नाही, हंटिंग लायसनसारखे थोडे अपवाद आहेत, ते आधी नीट विचारून घ्या.

मग गनस्मिथकडे. म्हातारा माणूस, हळू बोलणारा. त्याने सगळ्यात आधी ती रिकामी आहे का बघितलं, डोळ्यांनी आणि मग बोट घालून, आणि मलाही तसंच करायला लावलं. मग लिव्हर सावकाश खाली ओढून दाखवला. ट्रिगरभोवतीची कडी म्हणजेच लिव्हर. तो खाली गेला की रिसिव्हरचा तळच खाली उतरतो, बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी वरनं बाहेर उडते, आणि लिव्हर परत वर घेतला की बॅरलखालच्या नळीतलं पुढचं काडतूस उचललं जाऊन चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडात, बसतं. हे सगळं जॉन ब्राउनिंगचं डोकं, युटातल्या ऑग्डेनचा माणूस. रायफल आली तेव्हा जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांची होती, .३२-४० आणि .३८-५५, आणि १८९५ मध्ये बिनधुराच्या दारूचं .३० काडतूस आलं. विंचेस्टरने त्याला स्वतःचं नाव दिलेलं, मार्लिन या दुसऱ्या बंदूक कंपनीला आपल्या बंदुकीवर दुसऱ्या कंपनीचं नाव नको होतं म्हणून त्यांनी .३०-३० म्हणायला सुरुवात केली, म्हणजे .३० इंच व्यास आणि ३० ग्रेन (वजनाचं बारीक माप) दारू, आणि आज सगळे तेच म्हणतात. नळीत काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं, धक्क्याने ते टोचून काडतूस नळीतच उडू शकतं, म्हणून टोकदार गोळी घालायची नाही, चपट्या नाकाचीच. हे त्याने मला तीनदा सांगितलं आणि बरोबर केलं.

मी गंज काढून पॉलिश करायचं विचारलं तर त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, तेल लाव, लाल गंज असेल तेवढाच तेलात भिजवून पुस, पण हा तपकिरी रंग घासू नकोस, शंभर वर्षांच्या हाताळण्याचा आहे, एकदा गेला की गेला. मग भिंग दिलं आणि बॅरलवरचा छाप दाखवला, लंबगोलात डब्ल्यू आणि पी. विंचेस्टरचा हा प्रूफचा, म्हणजे कारखान्यात चाचणी झाल्याचा, छाप १९०५ पासूनचा, तोच रिसिव्हरवरही. सुटी विकलेली बॅरल असती तर नुसता पी असता म्हणे. म्हणजे बॅरल बदललेली असलीच तरी रस्त्यावरच्या कुणी नाही, कारखान्यात बसवलेली.

सिरीयल नंबर रिसिव्हरच्या खाली पुढच्या बाजूला असतो, माझा तीन लाख वीस हजारांच्या घरातला. नेटवर नंबरावरून साल सांगणारे तक्ते आहेत पण दोन तक्ते दोन सालं सांगतात, त्यावर विसंबू नका. वायोमिंगमध्ये कोडी नावाचं गाव आहे, तिथल्या म्युझियमकडे विंचेस्टर कारखान्याच्या मूळ नोंदवह्या आहेत, आणि १८९४ मॉडेलच्या नोंदी ३,५३,९९९ नंबरपर्यंत मिळतात. माझा नंबर त्यात बसला तेव्हा मी स्वयंपाकघरातनं नवऱ्याला हाक मारली. फॉर्म भरला, फी भरली, आणि वाट बघत बसले, रोज पोस्टाची पेटी उघडायची.

पत्र आलं ते एका पानाचं. रायफल, .३० कॅलिबर, बॅरल अष्टकोनी, गोदामात आली १९०६, त्याच वर्षी बाहेर गेली, ऑर्डर नंबर. कुणाला गेली ते त्या वह्यांत लिहिलेलं नसतं, ही एक खंत राहिलीच, आजोबांचं नाव मिळालं असतं तर काय हवं होतं! पण अष्टकोनी वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या हातातली बॅरल गोल. आणि खाली शेवटची ओळ, १९१२ मध्ये दुरुस्तीसाठी परत आली, दुरुस्त करून पाठवली.

काय दुरुस्त केलं ते लिहिलेलं नाही, त्यामुळे बॅरल तेव्हाच बदलली असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण बॅरलवर कारखान्याचा छाप आहे, आणि बंदूक १९१२ मध्ये कारखान्यात जाऊन आली हे त्यांच्याच वहीत आहे. मला पटलंय.

त्याच संध्याकाळी पत्राची कॉपी घेऊन आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून १९१२ ची ओळ दोनदा वाचली, मग बोटं मोजत म्हणाल्या, ह्यांचे आजोबा तेव्हा तिशीचे असतील. मग उठून आतनं मिस्टरांचं जुनं हंटिंग लायसन आणलं आणि पत्राची घडी घालून त्याच पाकिटात ठेवली. मूळ पत्र माझ्याकडे, रायफलबरोबर तिजोरीत. महिन्यातनं एकदा तेलाचं फडकं फिरवते.