सोपानकाकांच्या गावी

धाकट्या भावाला जाऊन आठ महिने झाले होते आणि त्याचा टाळ माझ्या गळ्यात होता. त्याच्या दिंडीत त्याच्या जागी चालायचे, एवढे ठरवून मी आळंदीहून निघालो. टाळ आपल्याला धड वाजवता येत नाही, हे लक्षात यायला पहिला अभंग पुरला.

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ असे विचारी आणि मला ती रात्र पुन्हा सांगावी लागे. दिंडीत कोणी विचारले नाही. विणेकऱ्यांनी टाळ ओळखला, क्षणभर त्यावर हात ठेवला आणि मला त्याच्या ओळीत उभे केले.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा. दिवे घाट चढून मुक्कामी पोहोचेपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. राहुटीत एका वृद्ध वारकऱ्यांनी, मी संकोचून मागे घेत असतानाही, माझा पाय मांडीवर घेतला, दोरा ओवलेली सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा तसाच आत ठेवून त्याची टोके कापली. “पाणी हळूहळू निथळंल, माउली. वरचं कातडं मात्र ओढू नका, खालचं अजून कोवळं आहे.”

दुसऱ्या दिवशी लंगडत सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेव गेले, पाठोपाठ इथे सोपानदेव, मग मुक्ताई. हे सारे पाहून निवृत्तिनाथ शेवटी त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. त्यांना मी आजवर गुरू म्हणूनच ओळखत होतो, थोरला भाऊ म्हणून कधी पाहिले नव्हते. पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ व्हावे, तशी त्यांची अवस्था नामदेवांनी समाधीच्या अभंगांत वर्णिली आहे. जाणत्या माणसाने असे रडू नये, असे मला सुचवणाऱ्यांनी ते अभंग वाचले नसावेत.

जेजुरीच्या वाटेवर माझा ठेका पुन्हा चुकला. मी ओशाळून टाळ थांबवला, तेव्हा विणेकरी वळून हसले.

“वाजवा, वाजवा. तोही इथंच चुकायचा.”